अंधार मिळणेबाबत

सगुणाबाई बोराट्यांचा अर्ज सात ओळींचा होता आणि त्यातल्या सहा ओळींत कुणाला गैर वाटावं असं काहीच नव्हतं. गावाचं नाव, तारीख, महोदय, आपली विश्वासू, सगळं जागच्या जागी होतं. घोटाळा होता तो विषयाच्या ओळीत. तिथे लिहिलं होतं, ‘अंधार मिळणेबाबत.’

ग्रामपंचायतीतल्या खरमाळे भाऊसाहेबांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. चष्म्याचा दोष नव्हता.

“बाई, दिवा मिळणेबाबत म्हणायचंय का तुम्हाला?”

“नाय. दिवा हाय. तोच नकोय.”

“म्हणजे दिवा नादुरुस्त असलेबाबत.”

“चांगला हाय वो दिवा. लई चांगला हाय. तीच तर बोंब हाय.”

भाऊसाहेबांनी संगणकावरची यादी उघडली. ‘दिवाबत्ती’ या सदराखाली अर्जांचे अकरा प्रकार होते. नवीन दिवा, जादा दिवा, दिव्याची जागा बदलणे, बसवलेल्या दिव्याचं उद्घाटन न होणे, असं बरंच काही होतं. अंधाराची योजना मात्र केंद्राकडे नव्हती, राज्याकडे नव्हती आणि जिल्हा परिषदेकडेही नव्हती.

“त्याचं काय आहे,” भाऊसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “अंधार आजवर लोकांना आपोआपच मिळत आलाय. त्यामुळे अर्जाची पद्धत पडली नाही.”

“मग आता पाडा.”

“कोणत्या निकषावर? गावाला अंधार देतो म्हटलं तर वर काय सांगू? प्रगती उलटी चाललीय म्हणून सांगू?”

सगुणाबाईंनी अर्जाची घडी केली आणि कमरेला खोचली. नवरात्राला नऊ आठवडे उरले होते. त्यातला एक या अर्जाने खाल्ला होता, हे त्यांनी मनात धरलं आणि त्या उठल्या.

सावरदऱ्याचा उजेड हा साधा उजेड नव्हता, हे इथे सांगायला हवं. गावामागच्या पठारावर रेडिओ दुर्बीण आहे. दुर्बीण म्हटलं की नळी आणि भिंग डोळ्यांपुढे येतं. ही तशी नाही. लोखंडी जाळीच्या अवाढव्य पराती आभाळाकडे तोंड करून बसलेल्या असतात, आणि त्या बघत नाहीत, ऐकतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्याशा ढगातल्या हायड्रोजनने केलेली कुजबुज त्यांना टिपायची असते. त्या कुजबुजीपुढे गावातला एक मोबाइल म्हणजे कानाशी लावलेला डीजे. म्हणून अडीच वर्षांपूर्वी गावातला टॉवर उतरवला, घराघरातली वायफायची डबडी गोळा केली आणि बदल्यात गावाला दिवे दिले.

एलईडीचा दिवा सेकंदाला कोट्यवधी वेळा पेटवता-मालवता येतो. माणसाच्या डोळ्याला त्याचा पत्ता लागत नाही. त्याला दिवा शांतपणे जळताना दिसतो. पण फोनच्या कपाळावर बसवलेला हरभऱ्याएवढा कृत्रिम डोळा ती उघडझाप वाचतो. पेटला की एक, मालवला की शून्य. एक-शून्याच्या त्या धबधब्यातून सातबारा, नातवाचा चेहरा आणि ‘सुप्रभात’चे गुलाब वाहत खाली येतात. उजेड भिंतीतून आरपार जात नाही, डोंगर चढत नाही, त्यामुळे दुर्बिणीच्या कानाला त्याचा त्रास नाही. जिथवर उजेड तिथवर रेंज. गावठाणात असे एक्केचाळीस खांब, आणि बोराटे मळ्यात एकच, रस्त्याच्या कडेला. तो दिवसरात्र जळायचा. मालवला तर मळ्यातली दोन्ही घरं जगापासून तुटायची.

आणि त्या खांबाच्या पुढ्यात होती सगुणाबाईंची शेवंती.

सावरजाईच्या देवळात नवरात्राच्या पहिल्या दिवशी घटावर पिवळ्या शेवंतीची माळ चढते. ती पहिली माळ बोराट्यांच्या थोरल्या घरची. असा मान किती पिढ्या चालत आलाय ते कुणी मोजलेलं नाही, पण अट सगळ्यांना पाठ आहे. फुलं स्वतःच्या शेतातली हवीत. गेली दोन वर्षं सगुणाबाईंनी बाजारातली फुलं ओवली होती. रोपं गुडघ्याच्या वर जायची, हिरवीगार दिसायची, आणि फुलायचं म्हणून नाव घ्यायची नाहीत. हरिभाऊ गुरवांनी गेल्या वर्षी माळ हातात घेताना सांगूनच टाकलं होतं, “देवीची काय हरकत नाय वैनी, पर गावाची हाय. तीन वर्सं खंड पडला की मान दुसऱ्या घरी जातो.”

दुसरं घर म्हणजे धाकट्या जाऊबाई, हौसाबाई. त्यांचं घर बांधापलीकडे होतं आणि त्यांच्या वावरात झेंडू होता. झेंडू दरसाल टेचात फुलायचा. अकरा वर्षांपूर्वी विहिरीच्या पाळीवरून दोघींचं वाजलं होतं, तेव्हापासून त्या एकमेकींशी बोलायच्या ते मोठ्याने आणि दुसऱ्याच कुणाकडे तरी बघून. “देवीला झेंडूबी चालतो म्हणं,” असं हौसाबाई आपल्या म्हशीला सांगायच्या, आणि ते सगुणाबाईंच्या ओट्यावर स्वच्छ ऐकू यायचं.

दोन वर्षं सगुणाबाईंनी खत बदललं, औषध बदललं, जमीनसुद्धा पालटली. कारण सापडलं ते गेल्या वर्षी दिवाळीनंतर, आणि ते दाखवलं बुजगावण्याने. दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी वावरात एक बुजगावणं रोवलं होतं. मडक्याचं डोकं, आडव्या बांबूचे हात, अंगात नवऱ्याचा खाकी सदरा. एका सकाळी बघतात तर अख्खं वावर हिरवं आणि बुजगावण्याच्या मागे जमिनीवर एक पिवळाधमक माणूस आडवा झालेला. डोकं, हात, धड, सगळं शेवंतीच्या फुलांचं. दुपारपर्यंत अर्ध्या गावाने येऊन त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. एकाने नारळही फोडला.

सगुणाबाईंनी फुलांकडे बघितलं, मग बुजगावण्याकडे, आणि त्याच रेषेत पुढे मान वर करून खांबाकडे. दिव्याची सावली रात्रभर जिथे पडत होती, तेवढीच शेवंती फुलली होती.

“मानूस नाय ह्यो,” त्या हळदकुंकवाला आलेल्या बायांना म्हणाल्या. “अंधार हाय. दिव्याने एवढाच शिल्लक ठेवलाय.”

बायांनी हळदकुंकू मात्र पुसलं नाही.

अर्ज घेऊन परत आल्यावर सगुणाबाईंनी ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, “आजपासून दिव्यावर गोणपाट टाकनार.”

किसनराव एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षं भांडणारे प्रवासी हाताळल्यामुळे त्यांचा आवाज चढत नसे. “टाक की,” ते म्हणाले. “साडेआठनंतर टाक. मिरज गाठली की मग माझी ना नाय.”

मिरज त्यांना रोज गाठावी लागे. त्यांच्या गाडीवर बावीस वर्षं ड्रायव्हर असलेले इस्माईलभाई आता मिरजेत लेकीकडे अंथरुणाला खिळून होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचं उजवं अंग नेलं आणि त्याबरोबर वाचाही. डॉक्टर चित्रं दाखवत, ते नुसते बघत. एके दिवशी किसनरावांनी फोनवर सहज म्हटलं, “कात्रज गेलं, खेड शिवापूर गेलं, आता काय हो भाई?” आणि पलीकडून घशातून ओढून काढल्यासारखा शब्द आला, “शिरवळ.” आजारपणातला तो त्यांचा पहिला शब्द. तेव्हापासून रोज सात वाजता, लेक शमीम नोकरीवरून येऊन फोन धरायची, आणि नारायणगाव-मिरज जलद सुटायची. किसनराव चमच्याने पेल्यावर दोन टोले देत. इस्माईलभाई एकेक थांबा घेत निघत. आताशा त्यांना चाकणला चहा मागण्याइतकी भाषा परत आली होती.

“साडेआठपर्यंत उजेड राहिला तर शेवंतीला रात्र पुरत नाय,” सगुणाबाई म्हणाल्या. “बुजगावण्याच्या सावलीत मी बघितलंय. संध्याकाळ ते सकाळ, सगळा अंधार पायजे.”

“तुझी माळ वर्षातनं एकदा. माझी गाडी रोजची.”

“मान गेला तर परत येतोय व्हय?”

“वाचा गेली तर येती?”

मळ्यात तो वाद तिथेच थांबला. पण सगुणाबाई थांबल्या नाहीत. दिवस मावळायला त्यांनी लांब बांबूला आकडा बांधला आणि खांबावरच्या दिव्याला गोणपाट घातलं. मळा एकदम जुन्या काळात गेला.

बांधापलीकडून हौसाबाईंचा आवाज आला, “म्हशे, कुणाला मान पायजे म्हणून आपण आंधळं व्हायचं बरं का. बिबट्या आला तर देवीच राखील.”

सगुणाबाईंनी नवी बॅटरी बांधावर नेऊन ठेवली आणि आपल्या बुजगावण्याला मोठ्याने सांगितलं, “बॅटरी ठेवलीय. जमिनीकडं तोंड करून लावायची, पिकावर मारायची नाय.”

सकाळी बॅटरी बांधावर नव्हती. म्हणजे घेतली.

किसनराव भांडले असते तर सोपं झालं असतं. ते भांडले नाहीत. रात्री गावठाणातल्या दिव्याखाली जावं तर वाट बिबट्याची. रोज सातला ओट्यावर येऊन बसत, पेला आणि चमचा शेजारी ठेवत, आणि काळ्या पडलेल्या फोनकडे बघत. चौथ्या संध्याकाळी सगुणाबाई भाकऱ्या थापत असताना त्यांना बाहेरून हलके दोन टोले ऐकू आले. मग किसनराव एकटेच म्हणाले, “कळंब... मंचर...” आणि थांबले. पुढचा थांबा त्यांना येत नव्हता असं नाही. तो सांगायचं काम त्यांचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गोणपाट निघायच्या आधीच, ते गावठाणात जाऊन तिथल्या दिव्याखाली बोलून आले. चपला काढता काढता म्हणाले, “शमीमचा निरोप होता. भाई परवापासून बोलले नायत. सात वाजले की खिडकीकडं बघतात. गाडी का लागली नाय, असं इचारायला त्यांना शब्द सापडत नाय म्हणं.”

सगुणाबाईंनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. “संध्याकाळच्या आत येते,” त्या म्हणाल्या, आणि पठाराची वाट धरली.

पठारावर गावच्या दिव्यांचं खातं ऋजुता पेंढारकर नावाच्या तिशीतल्या इंजिनिअर बाईंकडे होतं. त्यांच्या खोलीच्या खिडक्यांनासुद्धा तांब्याची जाळी होती. खोलीतल्या संगणकाची कुरकुर बाहेर दुर्बिणीला ऐकू जाऊ नये म्हणून. सगुणाबाईंनी घामेजल्या हाताने अर्ज टेबलावर ठेवला. ऋजुताबाईंनी विषय वाचला आणि त्या हसल्या नाहीत, ही सगुणाबाईंना चांगली खूण वाटली.

“मावशी, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे,” सगळं ऐकून त्या म्हणाल्या. “शेवंतीच्या पानात एक रंगद्रव्य असतं. ते तिचं घड्याळ समजा. दिवसा त्याचं एक रूप असतं, अंधार पडला की ते हळूहळू दुसऱ्या रूपात जातं. सलग लांब रात्र मिळाली की रोप समजतं, दिवस लहान झाले, आता फुलायला हवं. पण मधेच उजेड पडला, त्यातही उजेडातला तांबडा भाग, की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. रात्रभर दिवा असला तर तिच्या लेखी उन्हाळा संपतच नाही.”

“आन् झेंडू?”

“तो रात्री मोजत बसत नाही. वय झालं की फुलतो.”

“वाटलंच मला,” सगुणाबाई म्हणाल्या. “मग आता दोन्ही करा. अंधारबी करा आणि बोलनंबी चालू ठेवा.”

“दोन्ही कसं होईल, मावशी? बोलणं उजेडातूनच येतं ना?”

सगुणाबाईंनी पाण्याचा पेला उचलला, थोडं प्यायल्या, आणि चार दिवस डोक्यात घोळत असलेली शंका बाहेर काढली.

“खांब फोनशी उजेडाने बोलतो. बरं. मग फोन खांबाशी कशानं बोलतो? आमच्या ह्यांचा फोन तर कधी उजेड पाडत नाय. पर ह्यांचं बोलनं मिरजेला जातंय.”

ऋजुताबाईंनी खुर्ची मागे सारली.

“तो अवरक्त किरणांनी बोलतो. तांबड्याच्याही पलीकडचा उजेड. डोळ्याला दिसत नाही.”

“शेवंतीला दिसतो?”

“नाही. त्यातला आम्ही वापरतो तो नाही दिसत.”

“मग खांबालाबी तसंच बोलायला सांगा की! एवढं शिकून तुम्ही त्याला आरडायला कशापायी लावलंय?”

ऋजुताबाई आता खरंच हसल्या. एकाच दिव्यात रस्त्याचा उजेड आणि इंटरनेट बसवण्याच्या कौतुकात, उजेड नको असलेला माणूसही जगात असेल हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कपाटात अवरक्त दिव्याचे दोन नमुने पडून होते. एक तर आजच बसवता येईल, त्या म्हणाल्या, प्रयोग म्हणून, त्यांच्या सहीने. पण अडचण होती. खांबांची देखभाल ठेकेदाराकडे. दिवा दिसला नाही की कुणीतरी तक्रार करणार, ठेकेदाराचा माणूस येणार, आणि करारात लिहिल्याप्रमाणे पुन्हा पांढरा दिवा बसवून जाणार.

“तक्रार केल्यावर मानूस कधी येतो?”

ऋजुताबाईंनी संगणकात बघितलं. “सरासरी त्र्याऐंशी दिवस.”

“आन् एकाने केल्यावर दुसऱ्याने केली तर?”

“एका दिव्याची एक तक्रार मिटेपर्यंत दुसरी नोंदली जात नाही.”

सगुणाबाईंनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. नवरात्राला बावन्न दिवस होते.

“मग पयली तक्रार मीच करते,” त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी त्या पुन्हा खरमाळे भाऊसाहेबांपुढे उभ्या होत्या. ‘दिवा लागत नसलेबाबत’ असा छापील नमुनाच होता. भाऊसाहेबांनी तो आनंदाने भरून घेतला. “आता कसं बोललात!” ते म्हणाले. “हे आम्हाला समजतं.”

संध्याकाळी सात वाजता खांबावर अवरक्त दिवा बसला होता आणि मळ्यावर काळोख उतरत होता. ओट्यावर किसनरावांनी फोन सुरू केला. पडद्यावर मिरजेची खोली उजळली. शमीम म्हणाली, “चाचा, दिसताय तुम्ही! नाही, दिसत नाही, अंधार आहे, पण आहात!” किसनराव चमचा शोधत होते. तो सगुणाबाईंनी त्यांच्या हातात ठेवला. दोन टोले पडले. पलीकडे बराच वेळ घरघर झाली, आणि मग एक जाड, रागावलेला आवाज आला.

“मास्तर. उशीर.”

“चार दिवस लेट झाला, भाई. रस्ता बंद होता. आता सुटली.”

पुढचे पाच आठवडे सगुणाबाईंनी डोळ्यांत तेल घालून अंधार राखला. रस्त्याने येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला त्या वळणावरच हात करून दिवा खाली घ्यायला लावत. हौसाबाईंच्या जावयाने गाडीचे मोठे दिवे वावरावर पाडले, तेव्हा त्यांनी त्याला पाहुणा म्हणून चहा दिला आणि माणूस म्हणून झापलं. सहाव्या आठवड्यात शेंड्यांवर वाटाण्याएवढ्या कळ्या आल्या. ऋजुताबाई येऊन बघून गेल्या. “कळ्या धरल्यात,” त्या म्हणाल्या, “पण रंग दिसेपर्यंत जपा. आत्ता उजेड पडला तर काही अर्धवटच राहतील.”

आणि नेमकं तेव्हाच सरकारने तक्रार निवारण पंधरवडा जाहीर केला.

ठेकेदाराचा माणूस, सुदाम वाघचौरे, शिडी आणि खोक्यात नवा दिवा घेऊन मळ्यात उतरला तेव्हा पावणेसात झाले होते. दिवा नव्या पद्धतीचा होता, जुन्याच्या दुप्पट उजेड पाडणारा. “तक्रारदार कोण?” त्याने विचारलं. “सही लागेल. आज मिटवायचीच आहे. वरून रोज आकडा मागतात.”

सगुणाबाई खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. “तक्रार मागं घेते.”

“मागे घेता येत नाही, मावशी. एक तर दिवा बदलला असं लिहायचं, नाहीतर दिवा चालू आहे असं. तिसरा रकाना नाही. सरका जरा.”

“नाय सरकनार.”

“मला पण घरी जायचंय हो. शिडी लावू द्या.”

सुदामने शिडी उघडली. सगुणाबाई हलल्या नाहीत. आता तो त्यांना हात धरून बाजूला करतो की काय, अशी वेळ आली, तेवढ्यात ओट्यावरून टोले ऐकू आले. दोन. आणि पाठोपाठ किसनरावांचा, फलाटावरून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, जो त्यांनी घरात कधीच वापरला नव्हता.

“ओ वायरमन! इकडं या. तुमचा दिवा चालू हाय.”

“कुठाय चालू? काळाकुट्ट दिसतोय.”

“इथं बसा. चहा घ्या. भाई, आज एक प्रवासी जादा हाय बरं का. साहेब हायेत. नारायणगाव सोडलं.”

“कळंब,” मिरजेहून आवाज आला. “मंचर. साहेबाला... जागा द्या, मास्तर.”

सुदाम शिडी धरून उभाच राहिला. मग हळूच येऊन ओट्याच्या कडेला टेकला. चाकणला त्याच्या हातात चहा आला. कात्रजच्या घाटात इस्माईलभाईंनी घशातून दुसरा गिअर टाकला तेव्हा त्याने नकळत ओट्याचा खांब धरला. सातारा गेल्यावर किसनराव शांतपणे म्हणाले, “आता सांगा. टॉवर गावात नाय. वायर घरात नाय. खांबावरचा दिवा लागत नसता, तर ही गाडी साताऱ्यात कशी आली असती?”

सुदामने चहा ठेवला. खांबाखाली गेला. फोनचा कॅमेरा दिव्याकडे धरला, आणि डोळ्याला काळा दिसणारा दिवा पडद्यावर फिकट जांभळा चमकू लागला. तो बराच वेळ कधी डोळ्याने, कधी कॅमेऱ्याने बघत राहिला.

“लागतोय की,” तो म्हणाला. “मग तक्रार कशाची केलीत, मावशी?”

“वय झालं रे बाबा,” सगुणाबाई म्हणाल्या. “नजर कमी आलीय.”

सुदाम वाघचौरे हा हुशार माणूस होता. त्याने वावरातल्या कळ्यांकडे एकदा बघितलं, ओट्यावरच्या फोनकडे एकदा, आणि बॅटरी जमिनीकडे धरून शेऱ्याच्या ओळीत लिहिलं: ‘प्रत्यक्ष पाहणी केली. दिवा लागत आहे. तक्रारदारास दिसत नाही. तक्रार निकाली.’

“तक्रार निकाली निघाली की तीन महिने त्या खांबाची दुसरी घेत नाहीत,” शिडी मिटवत तो म्हणाला. मग जरा घुटमळला. “कराडला किती वाजता पोचते गाडी?”

“थांबा की,” किसनराव म्हणाले. “मिरजेलाच उतरा.”

घटस्थापनेच्या सकाळी सगुणाबाई टोपली घेऊन वावरात उतरल्या. शेवंती फुलली होती. बुजगावण्यापुरती नाही, या बांधापासून त्या बांधापर्यंत. पण शेवंती कुणाच्या मुहूर्तावर फुलत नाही. निम्म्या कळ्या अजून मुठी मिटून होत्या. अंधाराचा पहिला आठवडा अर्जाने खाल्ला होता, त्याची ही वजावट. सगुणाबाईंनी उमललेलं एकूण एक फूल खुडलं, ओट्यावर बसून ओवलं, आणि माळ हाताने मोजली. पाच हात लागते. चार हात भरली.

किसनरावांनी माळेकडे बघितलं. “बाजारातनं आणू का हातभर?”

“नाय.”

“मग? हरिभाऊ येईल आता.”

सगुणाबाई उठल्या. अकरा वर्षांत न ओलांडलेल्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडे झेंडू होता, आणि विहिरीच्या अंगाला, झेंडूच्या मागे, शेवंतीच्या दोन सऱ्या होत्या. सासूने दोन्ही सुनांना बुडाशी फुटलेल्या रोपांचे सारखेच मुनवे वाटून दिले होते. पीक झेंडूचं धरलं तरी हौसाबाईंनी त्या दोन सऱ्या मोडल्या नव्हत्या, आणि का मोडल्या नाहीत ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. खांबापासून लांब, झेंडूच्या आडोशाला असलेल्या त्या सऱ्या आज शेंड्यापासून बुडापर्यंत पिवळ्या होत्या.

हौसाबाई म्हशीला वैरण टाकत होत्या. सगुणाबाईंनी म्हशीकडे बघितलं नाही. जावेकडे बघितलं.

“हौसे, हातभर माळ कमी पडतीय.”

हौसाबाईंच्या हातातला पेंढा तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला, सावकाश.

“मानाची फुलं सोताच्या शेतातली लागत्यात ना, जाऊबाई?”

“लागत्यात.”

“मग माझी कशी चालतील?”

सगुणाबाईंनी रस्त्याकडच्या खांबाकडे हात केला.

“अंधार एकाच खांबाचा हाय.”

हौसाबाईंनी खांबाकडे बघितलं. मग पदराची ओटी केली आणि त्या सरीत शिरल्या. चार फुलं खुडून झाल्यावर त्यांनी वाकल्या वाकल्याच विचारलं, “मोठी घिऊ का बारकी?”

“मोठी घे,” सगुणाबाई बांध उतरून शेजारच्या सरीला लागल्या. “मदी ओवायची हायेत.”